याहून बरं पनवेलला मिळतं

कमळाकर आयुष्यात एकच मोठं खोटं बोलला होता, आणि ते खोटं मंगळवारी दुपारच्या एस.टी.ने पनवेलला येणार होतं.

ही बातमी शिवाने आणली. शिवा आणि कमळाकर एकाच मालबोटीवर कामाला होते. शिवा डेकवर दोर ओढायचा आणि कमळाकर भटारखान्यात बटाटे सोलायचा. बोट मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला लागली म्हणून कमळाकर आधीच रजेवर घरी आला होता. शिवा शनिवारी कोळीवाड्यात उगवला, कमळाकरच्या आईने, म्हणजे गंगाबाईने, पुढ्यात ठेवलेली भाकरी आणि बोंबलाचं कालवण संपवलं, हात धुतला आणि मग म्हणाला, “आ-सेंग येतोय.”

“कुठं?”

“हितं. पनवेलान. ते खायाला.”

कमळाकरचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा झाला.

आ-सेंग हा बोटीवरचा मोठा भंडारी, म्हणजे मुख्य आचारी. सिंगापूरचा चिनी. मागे बोट सिंगापूरला लागली तेव्हा त्याने कमळाकरला वाँटन नूडल्स खायला नेलं होतं. आ-सेंगच्या लेखी हे देवदर्शनाइतकं गंभीर काम होतं. तो एकेका हातगाडीपाशी थांबायचा, पातेल्यातल्या वाफेचा वास घ्यायचा, मान हलवायचा आणि पुढे जायचा. कॉफीच्या दुकानात शिरायचा, खात बसलेल्या माणसाच्या वाडग्यात वाकून बघायचा, त्या माणसाची माफी मागायचा आणि बाहेर पडायचा. कमळाकरच्या चपलेचा अंगठा तुटला तरी मनासारखा वाडगा सापडेना. शेवटी एका गल्लीच्या टोकाला, एका म्हाताऱ्याच्या गाडीपाशी, आ-सेंगने डोळे मिटले आणि तो म्हणाला, “बैठो.”

कमळाकर बसला. बारीक पिवळ्या शेवया, त्यावर वाफाळता रस्सा, आणि रश्श्यात पातळ पिठात गुंडाळलेल्या कोलंबीच्या पुरचुंड्या. त्याने एक वाडगा संपवला, दुसरा संपवला, आ-सेंगच्या वाडग्यातला उरलेला रस्सा मागून प्यायला, आणि बोटं पुसत सहज म्हणाला, “अच्छा है. लेकिन हमारे पनवेल में इससे अच्छा मिलता है. गल्ली-गल्ली में.”

आता इथे कमळाकरची बाजू समजून घेतली पाहिजे. पनवेलच्या माणसाला ही सवय जन्मजात असते. तो अलिबागला कलिंगड खातो, वसईला केळं खातो, लग्नाला पेणला जाऊन पाच पंगती उठेपर्यंत जेवतो, आणि हात धुता धुता म्हणतो, “हाय चांगलं. पन आमच्या पनवेलान याच्यापरीस बरं मिलतं.” त्यामागे फसवण्याचा हेतू नसतो. इतर गावांचे लोक जेवल्यावर ढेकर देतात, तसंच हे. कोकणात सगळ्यांना हे माहीत आहे आणि कोणी मनावर घेत नाही.

सिंगापुरात मात्र हे कोणाला माहीत नव्हतं. आ-सेंगने ते मनावर घेतलं. तिसऱ्या दिवशी तो कमळाकरच्या बटाट्यांच्या ढिगापाशी येऊन उभा राहिला.

“मेरा नंबर दो भंडारी घर जाता है,” तो म्हणाला. “जिसके गाँव में उससे अच्छा मिलता है, वो आदमी मेरे को मंगता. पहले मैं गाँव का खाएगा. फिर तुम नंबर दो.”

नंबर दोचा भंडारी म्हणजे पांढरा डगला, निजायला वेगळी खोली, आणि उरलेल्या आयुष्यात एकही बटाटा नाही. कमळाकरने ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, “आओ, उस्ताद.” पनवेल फार लांब आहे, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

“मंगलवारी येतोय?” गंगाबाईने आतून विचारलं.

“मंगलवारी,” शिवा म्हणाला.

“ह्या मंगलवारी अंगारकी हाय.”

अंगारकीला कोळीवाडा चंद्र दिसेपर्यंत उपाशी असतो. चुलीवर मासळी चढत नाही. बाजारात गंगाबाईची टोपली उपडी असते. घराघरात उकडीचे मोदक होतात आणि झाकलेल्या पराती गणपतीच्या देवळात जातात. वर्षाचे इतके दिवस सोडून आ-सेंगने कोलंबी खायला नेमका हा दिवस काढला होता.

“आये, तू करशील का? शेवया, रस्सा, आन् पिठाच्या पुरचुंडीन कोलंबी.”

“शेवया तिखट? आन् मोदकान कोलंबी?” गंगाबाईने आधी देवाच्या दिशेने हात जोडले आणि मग पोराकडे पाहिलं. “तुला बोटीवर कुनी काय खायाला घातलं रं?”

रविवारी सकाळी कमळाकर शिवाला घेऊन पनवेलमध्ये वाँटन नूडल्स शोधायला निघाला. गल्ली-गल्लीत मिळतात असं आपण सांगितलंय, तेव्हा निदान एका गल्लीत तरी मिळतील, अशी त्याला आशा होती. माणूस फार दिवस एखादं खोटं बाळगून असला की त्याला ते थोडं थोडं खरं वाटायला लागतं.

एस.टी. स्टँडसमोरच्या उपाहारगृहाच्या मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली. “शेवया? आहेत की. दूध, साखर, वेलची.”

“तिखट पायजे. रश्श्यात.”

मालकांनी आवाज खाली आणला. “घरात कोणी आजारी आहे का?”

इराणी शेठने जास्त आपुलकी दाखवली. “शेवया नहीं है. ऑमलेट है. ऑमलेट को एकदम पतला-पतला काटेगा, तो शेवया हो जायेगा.” कमळाकरने या सूचनेवर बराच वेळ विचार केला, यावरून त्याच्या परिस्थितीची कल्पना यावी. शिवाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

उन्हं उतरल्यावर ते हसनमियाँच्या गाडीपाशी पोचले. हसनमियाँ संध्याकाळी मटणाचा शेरवा आणि पाव विकायचे. गाडीला नाव नव्हतं, कारण वासच पुरेसा होता.

“सेवइयाँ तो ईद की चीज है, बेटा,” ते म्हणाले. “शेरव्यात कोन टाकतो?”

“शिंगापुरान टाकतात, चाचा.”

“अच्छा? और उनका शेरवा कैसा होता है?”

“पातळ.”

हसनमियाँनी पळी खाली ठेवली. “पातळ शेरवा!” त्यांनी आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे साक्षीसाठी पाहिलं. “त्या बिचाऱ्याला घेऊन ये. मंगळवारी दुपारीच गाडी लावतो. शेरवा क्या होता है, मरने से पहले एक बार मालूम तो होना चाहिये उसको.”

अशा रीतीने रस्सा मिळाला. शेवया मावशीकडे होत्या. गंगाबाईची थोरली बहीण हौसा हिने उन्हाळ्यात दारची प्रत्येक बाज शेवयांनी भरून टाकली होती. घरच्या माणसांना निजायला जागा नव्हती. कशाला पाहिजेत हे न विचारता तिने ओंजळी भरभरून शेवया दिल्या. राहिली कोलंबी. अंगारकीला ताजी मिळणं शक्य नव्हतं.

“आये, सोडे हायेत ना घरान?” सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी.

“अंगारकीला मी सोड्याला हात लावनार नाय,” गंगाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. “बरनी फलीवर हाय. डाव्या अंगाला. मी काय बोलली नाय.”

मंगळवारी सकाळी कमळाकर हसनमियाँच्या घरच्या चुलीपुढे बसला. सोडे भिजवले, चेचले, आलं-लसूण घातलं, तांदळाची उकड मळली. पुरचुंड्या सिंगापूरच्या म्हाताऱ्यासारख्या वळायच्या असं त्याने ठरवलं होतं. पण त्याच्या बोटांना लहानपणापासून एकच गोष्ट माहीत होती. उकडीची पारी हातात आली की बोटं आपोआप कळ्या पाडायची, कळ्या आपोआप जवळ यायच्या आणि वर आपोआप नाक काढलं जायचं. त्याने एक मोडून पुन्हा केली. पुन्हा मोदकच झाला. थोड्या वेळाने त्याने बोटांशी भांडणं सोडलं. शेरव्याच्या पातेल्याला फडकं बांधून त्यावर त्याने ते उकडून काढले, घरून आणलेल्या पितळी परातीत मांडले आणि वर केळीचं पान झाकलं. दिसायला इतके सुंदर मोदक त्याच्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते.

हसनमियाँच्या मोहल्ल्यातून स्टँडकडे जाणारी वाट गणपतीच्या देवळावरून जाते. देवळाच्या पायरीवर हौसामावशी बसली होती.

आता अंगारकीच्या दिवशी, केळीचं पान झाकलेली परात दोन्ही हातांत धरून, देवळासमोरून जाणाऱ्या माणसाकडे पाहून पनवेलमध्ये कोणाच्याही मनात दुसरा विचार येत नाही.

“आला बाई येकदाचा! गंगीला नेमी उशीर,” हौसा म्हणाली आणि तिने परात त्याच्या हातातून काढून घेतली.

“मावशे, थांब, ही—”

“काय?”

पायरीवर आणखी चार-पाच बाया होत्या. सगळ्या उपाशी होत्या, आणि उपाशी बायांना कोलंबीचा मोदक समजावून सांगण्याची हिंमत कमळाकरमध्ये नव्हती.

“ही... जड हाय,” तो म्हणाला.

“मोदक जड नसतात, तू दमलास,” मावशी म्हणाली आणि परात देवळामागच्या कोठीत नेऊन ठेवली. वासाचं म्हणाल, तर कोळीवाड्यात सोड्याचा वास येणं म्हणजे वारा येणं. कोणी मान वळवली नाही.

कोठीवर दाजी पहाऱ्याला असत. दाजी हे देवळाचे पंच. अंगारकीला ते थुंकीसुद्धा गिळत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. नैवेद्याच्या पराती चंद्रोदयापर्यंत त्यांच्याच नजरेखाली राहायच्या. कमळाकर देवळाच्या मागे दबा धरून बसला. थोड्या वेळाने दाजी पाय धुवायला विहिरीकडे गेले आणि कमळाकर आत घुसला.

आत पराती ओळीने मांडलेल्या होत्या. सगळ्या पितळी, सगळ्यांवर केळीचं पान. पण कमळाकर घाबरला नाही. घरच्या परातीच्या काठावर त्याच्या आजोबांचं नाव कोरलेलं होतं. आजोबांनी लेकीला लग्नात दिलेली परात होती ती. त्याने एकेक पान जरासं उचलून काठ वाचायला सुरुवात केली, आणि दाराजवळच त्याला सापडलं: ‘विठू तांडेल, पनवेल’. देवाला हात जोडून त्याने परात उचलली आणि मागच्या दाराने पळाला.

विठू तांडेलांना दोन लेकी होत्या, गंगा आणि हौसा, आणि ते मोठे न्यायी गृहस्थ होते, हे त्या घाईत त्याच्या लक्षात राहिलं नाही.

एस.टी. आली. आ-सेंग उतरला. पांढरी अर्धी विजार, पांढरा सदरा, आणि रुमालात गुंडाळलेला स्वतःचा वाडगा आणि जेवायच्या काड्या. स्टँडवर कोणीतरी हौसेने ओरडलं, “हिंदी-चिनी भाई-भाई!”

“मैं सिंगापुरी,” आ-सेंग म्हणाला.

“वो भी भाई!” ओरडणाऱ्याने ताबडतोब सोय करून दिली.

कमळाकरला त्याला थेट हसनमियाँकडे न्यायचं होतं. पण शोधल्याशिवाय खाणं हे आ-सेंगच्या तत्त्वात बसत नव्हतं. तो समोरच्या उपाहारगृहात शिरला. शिवाने सकाळीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं, की चिनी माणूस काही मागेल, तर फक्त ‘नाही’ म्हणा. पण ‘आमच्याकडे नाही’ हे शब्द पनवेलच्या दुकानदाराच्या तोंडून बाहेरगावच्या माणसापुढे निघत नाहीत.

“वाँटन?” मालक म्हणाले. “अरेरे! सकाळीच संपलं हो. फार खप आहे.”

आ-सेंगच्या भुवया वर गेल्या. तो इराण्याकडे शिरला.

“ताजा नहीं है आज,” इराणी शेठ गंभीरपणे म्हणाला. “शिळा पड़ा है, लेकिन शिळा हम नहीं देता. हमारा दुकान का भी इज्जत है.”

खानावळवाल्याने तर कहर केला. “आमच्याकडे फक्त गुरुवारी असतं,” तो म्हणाला. “रांग लागते.”

प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना आ-सेंगची मुद्रा जास्त भाविक होत होती, आणि कमळाकर त्याच्या मागून जास्त घाम पुसत चालत होता. “कैसा गाँव है,” आ-सेंग पुटपुटला. “दोपहर में खलास!”

हसनमियाँच्या गाडीपाशी पोचेपर्यंत मागे अर्धा बाजार जमला होता. त्यातले निम्मे उपाशी होते, तरी आले होते. हसनमियाँनी आ-सेंगच्या वाडग्यात शेवया घातल्या, वर लालभडक शेरवा ओतला, आणि कमळाकरने पान उचलून त्यात चार मोदक अलगद सोडले. आ-सेंगने वाफेचा वास घेतला. गर्दीनेही घेतला. त्याने काडीने एक मोदक उचलला, अर्धा तोडला आणि चावू लागला.

तोडलेल्या अर्ध्या भागातून गूळ-खोबऱ्याचा रस शेरव्यात उतरत होता.

कमळाकरने तो पाहिला. मग त्याला आजोबांचा न्यायी स्वभाव आठवला. मग देवळाच्या कोठीत, देवासाठी, केळीच्या पानाखाली काय ठेवलेलं आहे ते आठवलं. पुढे मोठा भंडारी आणि मागे साक्षात गणपती, अशा जागी उभं राहायची वेळ फार थोड्या माणसांवर येते.

“शिवा,” तो ओठ न हलवता म्हणाला, “देवलान पल. मावशीची परात—”

“कुठं पलायचं? ती बघ मावशी हितंच येतेय.”

गर्दी दुभंगली. पुढे दाजी होते. त्यांच्या हातात झाकलेली परात होती आणि चेहरा लालबुंद होता. त्यांच्यामागे हौसा, हौसामागे गंगाबाई आणि देवळाच्या पायरीवरच्या सगळ्या बाया.

“कमल्या,” दाजी जड आवाजात म्हणाले, “ही तुजी परात. देवाला चालनार नाय.”

“तुमाला कसं कललं, दाजी?”

दाजींनी आभाळाकडे बोट केलं. “देवानं दाखवलं.”

“आवो, पान बी हललं नव्हतं वरचं!” हौसा गर्दीला सांगू लागली. “मी सोता ठेवली व्हती. दाजी आतून वरडत भाईर आले, ही परात उचला म्हनून. मी म्हनलं का, तर म्हनतात, ह्यान सोडे हायेत! न उघडता!”

दोन बाया तिथेच दाजींच्या पाया पडल्या.

कमळाकरने परात घेतली आणि पान उचललं. त्याने मोदक अगदी काठोकाठ मांडले होते. आता एका कडेला एका मोदकाची जागा रिकामी होती. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजींच्या मिशीत, उजव्या बाजूला, सोड्याचा एक लहानसा तुकडा अडकला होता. हौसाचे मोदक गावात सगळ्यांत चांगले होतात, हे दाजींना माहीत होतं, आणि हौसाची परात काठावरच्या नावावरून ओळखायची, हेही माहीत होतं.

दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की कमळाकरने आपल्याच मिशीवरून हात फिरवला. दाजींनीही फिरवला. विषय तिथेच मिटला.

पण हौसा आता वाडग्यात वाकून बघत होती. “ह्यो माजा मोदक हाय,” ती म्हणाली. “कमल्या! माजा मोदक मटनान?”

“मावशे, चूक झाली. तुजी परात आन् आयची परात—”

“देवाचा मोदक, मटनाच्या रश्श्यान!”

“ये किसने बनाया?” आ-सेंगने मध्येच विचारलं. त्याने उरलेला मोदक काडीवर धरून उजेडात फिरवला होता आणि तो त्याच्या कळ्या पाहत होता.

“मैंने,” हौसा लढायच्या तयारीने म्हणाली.

आ-सेंग उठला, दोन्ही हात जुळवून तिच्यापुढे कमरेत वाकला आणि तसाच राहिला. हौसाच्या नवऱ्याने, दिराने, जावयाने आजवर तिचे हजारो मोदक खाल्ले होते, पण कोणी वाकलं नव्हतं. ती पदर सारखा करू लागली.

“बसा वं, बसा,” ती म्हणाली. “देवाला काय, चंद्र निघेपर्यंत मी दुसरे करते. तुमी खावा.”

“तुम बोट पे आयेगा?” आ-सेंगने विचारलं. “नंबर दो भंडारी?”

कमळाकरने परात खाली ठेवली आणि तो पुढे सरसावला. हौसाने मात्र विचार चालवला होता. “बोटीवर म्हावरं ताजं मिलतं का?” तिने शिवाला विचारलं.

“मावशे!”

“इचारलं नुस्तं. घरान तरी मला कोन निजायला जागा देतो? सगल्या बाजांवर शेवया हायेत.”

कमळाकरने घाईघाईने नव्या वाडग्यात शेवया घेतल्या, हसनमियाँकडून शेरवा ओतून घेतला, आपल्या परातीतले मोदक त्यात सोडले आणि आ-सेंगपुढे धरला. “उस्ताद, ये असली है. ये मेरे हाथ का.”

आ-सेंग बसला. त्याने एक मोदक पूर्ण खाल्ला. शेवया ओढल्या. रस्सा प्यायला. उपाशी गर्दी त्याच्याबरोबर आवंढे गिळत होती. मग त्याने काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

“सच बोलो,” तो म्हणाला. “वो बूढ़े की गाड़ी. और ये. कौन अच्छा?”

सगळं पनवेल कमळाकरकडे पाहू लागलं. उपाहारगृहाचे मालक आले होते, इराणी शेठ आला होता, फक्त गुरुवारी वाँटन विकणारा खानावळवालाही आला होता. “सांग की रं,” दाजी म्हणाले. “घाबरतोस काय?”

उत्तर सोपं होतं, तोंडातच होतं, पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं. कमळाकरने तोंड उघडलं. पण सकाळी चुलीपुढे त्याने शेवया, शेरवा, मोदक सगळं स्वतः चाखलं होतं, आणि त्या म्हाताऱ्याच्या गाडीवरचा रस्सा अजून त्याच्या जिभेवर होता. पांढरा डगला त्याला खाडीवरून उडून जाताना दिसला.

“वो बूढ़े का,” तो म्हणाला.

गर्दीतून असा आवाज निघाला, जसा होडीच्या तळाला भोक पडल्यावर निघतो.

“सोडे खारट हो गया,” कमळाकर आता थांबेना. “शेवया जादा नरम. उकड जाडी. और शेरवा में दालचिनी बहुत है.”

“दालचिनी बहुत?” हसनमियाँनी छातीवर हात ठेवला.

“हे पनवेलचं पोर हाय?” दाजींनी गंगाबाईला विचारलं.

“बोटीवर ग्येल्यापासून असंच बोलतंय,” गंगाबाई खाली मान घालून म्हणाली.

आ-सेंगने काड्या पुसल्या आणि रुमालात गुंडाळल्या. “सोडे खारट,” त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “शेवया नरम. आटा मोटा. दालचिनी बहुत. सब बराबर बोला.” मग तो पहिल्यांदाच हसला. “सिंगापूर में तुम झूठ बोला, मेरे को मालूम था. बोट पे झूठा बहुत है. अपना हाथ का खाके सच बोलनेवाला भंडारी मेरे को नहीं मिलता. तुम नंबर दो.”

शिवाने आरोळी ठोकली. गर्दीला नक्की कशाचा आनंद करायचा ते कळलं नाही, पण पनवेलचा पोरगा भंडारी झाला एवढं कळलं, आणि तेवढं पुरलं.

“बाई को भी मंगता था,” आ-सेंग हौसाकडे बघत जरा हळहळून म्हणाला.

त्या रात्री चंद्र वेळेवर निघाला. हौसाने केलेले नवे मोदक देवाला पोचले, त्यातले निम्मे आ-सेंगला पोचले, आणि कमळाकरच्या खारट मोदकांची परात उपास सुटल्यावर कोळीवाड्याने चाटून साफ केली. सगळ्यांत जास्त दाजींनी खाल्ले. आधी चव माहीत नसल्यासारखा चेहरा करून.

दाजींना मात्र ते प्रकरण महागात पडलं. न उघडता परातीतलं ओळखतात म्हणून लोक झाकलेली भांडी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. अंगारकीला तर कोठीत दाजींचं तोंड बघायला दिवसभर गर्दी असते. त्यामुळे दाजी तेव्हापासून खरोखरचा उपास करतात आणि फार वाळलेत.

बोट पुढच्या महिन्यात निघाली. नंतर शिवाचा निरोप आला, की सगळं ठीक आहे, कमळाकर पांढऱ्या डगल्यात वावरतो आहे, बटाटे दुसराच कोणीतरी सोलतो. बोट सिंगापूरला लागली तेव्हा आ-सेंग दोघांना त्याच म्हाताऱ्याच्या गाडीवर घेऊन गेला. तिघंही पोटभर जेवले. कमळाकर या वेळी तोंड घट्ट मिटून बसला होता. जेवण झालं, आ-सेंगने काड्या आडव्या ठेवल्या, बोटं पुसली, आणि म्हाताऱ्याला सहज म्हणाला, की चांगलं आहे, पण पनवेल म्हणून एक गाव आहे, तिथे याहून बरं मिळतं.

म्हाताऱ्याने पळी खाली ठेवली. मग त्याने आ-सेंगला विचारलं, की त्या गावाला एस.टी. कुठून सुटते.